चाबूक आणि ओरखडा

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

२००४ सालची एका रविवारची दुपार मला चांगली आठवते. भवानी पेठेतल्या आमच्या घरी नवा व्हीसीडी प्लेअर आला होता आणि मी मोठ्या हौसेने ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’ या बंगाली चित्रपटाची व्हीसीडी मिळवून आणली होती. माझी थोरली बहीण, आमची आपा, मेथी निवडत समोर बसली होती. पडद्यावर नायिका जिना उतरत होती. तेवढ्यात ‘सट्’ असा आवाज आला. मला वाटले डिस्क खराब. मी उठलो, डिस्क काढली, रुमालाने पुसली, पुन्हा लावली. तोच जिना, तोच आवाज. मी पुन्हा उठायला लागलो तेव्हा आपा मेथीतून मान वर न करता म्हणाली, “डिस्क ठीक आहे रे. तिला कुणीतरी मारतंय.”

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा, चित्रपटांवरचे लेख वाचणारा. आपाची शाळा दहावीला सुटली. आणि बरोबर ती होती. तो आवाज डिस्कच्या ओरखड्याचा नव्हता. तो चाबकाचा होता, आणि तो घटकांनी तिथे हेतुपूर्वक ठेवलेला होता.

एवढ्या एका चुकीने मला जुन्या चित्रपटांबद्दल जे शिकवले, ते आज सांगायचे आहे. जुना चित्रपट आपण पाहतो तेव्हा दोन माणसे एकदम बोलत असतात. एक दिग्दर्शक आणि दुसरा काळ. काळाने फिल्मवर रेघा पाडलेल्या असतात, आवाज चिरकवलेला असतो, काळोख अधिक काळा करून ठेवलेला असतो. यातले दिग्दर्शकाचे कोणते आणि काळाचे कोणते, हे ओळखता आले नाही तर आपण एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारतो. घटकांच्या बाबतीत हे फार झाले. त्यांचे चित्रपट ओबडधोबड आहेत, असे कितीतरी जण म्हणत आले. त्यातला ओबडधोबडपणा किती घटकांचा आणि किती झिजलेल्या प्रतीचा, हा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडला.

आधी घटकांची थोडी ओळख. जन्म ४ नोव्हेंबर १९२५, ढाका. तरुणपणी त्यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिला आणि १९४७ साली त्यांचा अर्धा बंगाल परदेश झाला. ही जखम त्यांनी आयुष्यभर भरू दिली नाही. मराठी वाचकांना हे नाव परके वाटत असेल, तर बिमल रॉय यांचा १९५८ चा ‘मधुमती’ आठवावा. त्याची कथा घटकांची. मुंबईत ते फार रमले नाहीत. कोलकात्याला परतून त्यांनी आपले चित्रपट केले, आणि १९६५ साली ते आपल्या पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले. काही काळ ते तिथे उपप्राचार्य होते. मुक्काम थोडा होता, पण मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांच्यासारखे पुढे नाव काढलेले विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या झाडाखाली बसून घटक कसे शिकवत, याच्या कथा जुने लोक अजून सांगतात. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, ते गेले. २०२५ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली.

‘मेघे ढाका तारा’ १९६० सालचा. नावाचा अर्थ, ढगांनी झाकलेली तारका. मूळ कथा शक्तिपद राजगुरू यांची. कोलकात्याच्या कडेला पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची वसाहत आहे. पुणेकरांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर उभ्या राहिलेल्या वसाहती डोळ्यांपुढे आणाव्यात, म्हणजे तिथल्या माणसांची कालची ऐपत आणि आजची अवस्था यातले अंतर कळेल. वडील शाळामास्तर. आई गरिबीने कडवट झालेली. थोरला शंकर दिवसभर गाण्याची मेहनत करतो आणि दाढीच्या पैशांसाठीही बहिणीपुढे हात पसरतो. धाकटी गीता नटण्यामुरडण्यात दंग, धाकटा मंटू फुटबॉलवेडा. आणि या सगळ्यांचे घर चालवणारी नीता. सुप्रिया चौधरींनी ही नीता अशी उभी केली आहे, की तिचे नुसते उभे राहणेसुद्धा थकल्यासारखे दिसते.

पुढे काय होते ते कुणीही ओळखेल. वडील अंथरुणाला खिळतात, नीता शिक्षण सोडून नोकरी धरते. तिचा सनत, ज्याच्या संशोधनासाठी ती थांबलेली असते, तो गीताशी लग्न करतो. मंटू कारखान्यात जायबंदी होतो. शंकर मुंबईला जाऊन मोठा गवई होऊन परततो, तोवर नीताला क्षय झालेला असतो. कथा म्हणून पाहिले तर अश्रूंची. आपल्याकडे अशा कथांवर किती चित्रपट निघाले! मग हा वेगळा का? कारण घटकांनी ही कथा कानाने सांगितली आहे.

तो जिना पाहा. सनतच्या घरी दुसरी कुणी स्त्री आहे, हे नीताच्या ध्यानात आले आहे. ती काही बोलत नाही, रडत नाही. जिना उतरते, आणि चाबूक वाजतो. पडद्यावर चाबूक नाही, मारणारा नाही. पुढे एका रात्री, गीताच्या लग्नाच्या सुमारास, ती शंकरजवळ बसून रवींद्रनाथांचे गाणे म्हणते. झोपडीच्या विणीच्या भिंतीतून उजेडाचे ठिपके झिरपत असतात. गाणे संपता संपता पुन्हा तोच चाबूक, एकामागून एक, आणि मग ती कोसळते. चांगल्या गाण्यावर असा आसूड ओढायचे धाडस दुसऱ्या कुणी केल्याचे मला ठाऊक नाही. आपण म्हणतो ना, अमुक गोष्ट काळजाला लागली. घटकांनी ते लागणे ऐकू आणले.

आता काळाने काय केले ते बघू. त्या काळच्या फिल्मवर आवाज असायचा तो चित्रांच्या कडेने जाणाऱ्या एका बारीक पट्टीत, उजेड-अंधाराच्या नक्षीच्या रूपात. प्रक्षेपकातला दिवा त्या पट्टीतून आरपार जातो, उजेड कमीजास्त होतो, त्याचा पुन्हा आवाज होतो. त्या पट्टीवर ओरखडा पडला, धूळ बसली, तर यंत्र तेही इमानाने वाचते. ओरखडा हा त्याच्या लेखी आवाजच. म्हणून जुन्या फिल्ममधून कडकड, फट् असे आवाज येतात. ज्या चित्रपटात दिग्दर्शकानेच ‘सट्’ असा आवाज घातला आहे, त्याची प्रत झिजली की चाबूक आणि ओरखडा शेजारी शेजारी ऐकू येतात. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९९० च्या आसपास, कॉलेजात असताना, एका छोट्या खोलीतल्या खेळाला. प्रत एवढी झिजलेली होती की पाऊस नसलेल्या दृश्यांतही पाऊस पडत होता. तेव्हाही तो चाबूक मी फिल्मचाच दोष समजलो होतो. म्हणजे आपाने माझी चूक दुरुस्त केली ती चौदा वर्षांनी!

दुसरी गोष्ट काळोखाची. मूळ निगेटिव्हवरून प्रत, त्या प्रतीवरून पुन्हा निगेटिव्ह, त्यावरून आणखी प्रत, असे करत गेले की दर पिढीला मधल्या करड्या छटा कमी होतात. उरते काळे आणि पांढरे. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होते तसेच. ज्या झोपडीत उजेडाचे ठिपके नीताच्या चेहऱ्यावर पडायला हवेत, तिथे नुसता काळा डाग दिसतो, आणि आपण म्हणतो, छायाचित्रण कच्चे आहे.

मग घरोघरी पाहण्याची साधने आली. त्यांनी उपकारही केले आणि उपद्रवही. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. एका डिस्कवर साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून दोन तासांचा चित्रपट दोन डिस्कांत तोडलेला असे, आणि तो कुठे तोडायचा याला धरबंध नसे. डीव्हीडीवर आपल्याकडे ७२० बाय ५७६ ठिपके मिळू लागले, ब्लू-रेवर १९२० बाय १०८०. आकडे कंटाळवाणे वाटतील, पण झोपडीच्या भिंतीतला उजेडाचा ठिपका दिसणार की नाही, हे या आकड्यांवर ठरते.

गाणे ऐकणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने घेतलेला असतो. आपल्याकडची आणि ब्रिटनमधली दूरचित्रवाणी तेव्हा ‘पाल’ पद्धतीची होती, तिचा वेग २५. त्यामुळे या पद्धतीच्या डिस्कवर चित्रपट सहसा जरा घाईने पळवला जाई. १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपायचा. पाच मिनिटे कापली असे समजून आपण निर्मात्याला शिव्या द्यायचो, पण कापलेले काहीच नसायचे. मात्र वेग वाढला की, वेगळा उपाय केला नाही तर, सूरही चढतो. सा आणि कोमल रे यांच्यात जे अंतर, त्याच्या जवळजवळ ७० टक्के. बोलण्यात ते जाणवत नाही. पण ‘मेघे ढाका तारा’मध्ये शंकरचा हंसध्वनी आहे, ए. कानन यांच्या आवाजातला. शंकर जिथे षड्ज लावतो तिथून तो हलतो. कान असलेल्या माणसाला ही साधी गोष्ट नाही.

हंसध्वनीचे नाव निघाले म्हणून सांगतो. हा राग मूळचा दक्षिणेतला. तो उत्तरेच्या मैफलीत रुजवण्याचे मोठे श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँ यांना देतात, आणि शंकर जी बंदिश गातो ती त्यांचीच म्हणून ओळखली जाते. म्हणजे कोलकात्याच्या निर्वासित वसाहतीतला हा बेकार पोरगा मुंबईला जाण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईचेच गाणे गात असतो. चित्रपट आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. नीताच्या पाठवणीच्या जागी घटकांनी बंगालची उमेची लोकगीते वापरली आहेत. उमा म्हणजे दुर्गा. बंगालात दुर्गा ही माहेरवाशीण. थोडे दिवस ती आईबापांकडे येते आणि मग तिला सासरी, डोंगरावर, परत जावे लागते. आमच्या वाड्यात शेजारच्या काकूंकडे भाद्रपदात गौरी येत. तीन दिवस घर भरायचे आणि तिसऱ्या दिवशी काकूंचा चेहरा उतरायचा. पुरणपोळीचे ताट आमच्या घरीही यायचे. त्यामुळे मुसलमानाच्या घरात वाढूनही माहेरवाशिणीचे जाणे मला शिकवावे लागले नाही. घटकांनी काय केले पाहा. त्यांच्या उमेला सासरच नाही. क्षय झाला म्हणून माहेरच तिला निरोप देते, आणि ती जाते ते शिलाँगच्या डोंगरातल्या क्षयरुग्णालयात. लहानपणी भावाबरोबर डोंगरात काढलेला तिचा एक फोटो असतो, पुन्हा तिथे जायची तिची इच्छा असते. ती इच्छा अशी पुरी होते. भाऊ भेटायला जातो, घरची खुशाली सांगू लागतो आणि ती ओरडते की तिला जगायचे होते. कॅमेरा भोवतीच्या डोंगरांवरून गरगर फिरतो. माणूस दिसत नाही, नुसता आवाज डोंगरातून येत राहतो. फाळणीची दंगल या चित्रपटात कुठेच नाही. पण ज्यांचे घर एकदा गेले ती माणसे उरलेले घर वाचवण्यासाठी आपलेच माणूस कसे खर्ची घालतात, ते मात्र आहे.

म्हणून चांगली प्रत महत्त्वाची. आणि पुण्यात राहून हे समजायला आपल्याला लांब जावे लागत नाही. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले. पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या पी. के. नायर यांनी, १९९१ साली निवृत्त होईपर्यंत, गावोगाव फिरून चित्रपटांचे डबे गोळा केले. त्यांच्यासारखा माणूस नसता तर आपला कितीतरी वारसा भंगारात विरघळून गेला असता. ते २०१६ साली पुण्यातच वारले. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. सांभाळणे किती अवघड, तेही पुण्याने पाहिले आहे. पूर्वीची नायट्रेट फिल्म दारूगोळ्यासारखी पेटते. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून प्रभातसह जुन्या चित्रपटांच्या मोलाच्या रिळांची राख झाली. नंतर आलेली ऍसिटेट फिल्म तशी पेटत नाही, पण दमट हवेत कुजते, आणि कुजताना तिला व्हिनेगारचा आंबट वास येतो. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. ती हाताने जोडून, उरलेला भाग इतर प्रतींतून घेऊन, २०१५ साली चित्रपट पुन्हा उभा करण्यात आला. ‘मेघे ढाका तारा’ची डीव्हीडी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००२ च्या सुमारास काढली होती. २०१९ साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन संस्थेने नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती ब्लू-रेवर आणली.

स्वच्छ करणे या शब्दातही एक धोका आहे. यंत्राला चाबूक आणि ओरखडा यातला फरक कळत नाही. ‘फट्’ असे जे जे वाजते ते पुसून टाक, असा हुकूम दिला तर घटकांचा आसूडही पुसला जाईल. तिथे ऐकणारा माणूस लागतो. शब्दांच्या धंद्यात आम्हालाही हा अनुभव आहे. शुद्धलेखन तपासणारा कधी कधी मुद्दाम घातलेली बोलीही शुद्ध करून टाकतो.

घरी पाहणाऱ्यांना तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, टीव्हीचा आकार. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेला आहे. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या तशाच राहू द्याव्यात. पडदा भरण्यासाठी चित्र ताणले की नीता जाडी होते आणि वाढवले की तिचे डोके कापले जाते. दुसरी, आवाज. तो मध्येच एकदम वाढला तर रिमोट शोधू नये. स्वयंपाकघराच्या दृश्यांतली चुलीवरची खदखद वाजवीपेक्षा मोठी वाटेल, ती आईच्या पोटातली आहे. तिसरी, परदेशी डिस्क घेण्याआधी तिचा प्रदेश पाहावा. भारताची डीव्हीडी पाचव्या प्रदेशातली आणि ब्लू-रे ‘सी’ प्रदेशातली. इतर प्रदेशांसाठी बांधलेली डिस्क आपल्या साध्या प्लेअरवर लागत नाही, आणि मग आपण बिचाऱ्या दुकानदाराशी भांडतो.

आता आपाकडे परत येतो. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कॅम्पातल्या एका दुकानात हिशेब लिहून तिने आम्हा चार भावंडांना वाढवले. माझी बी. ए. ची फी तिच्या पगारातून गेली. तिचे लग्न राहून गेले. आमच्या घरात हे वाक्य असेच म्हणतात, दळण आणायचे राहून गेले म्हणावे तसे. २००४ च्या त्या दुपारी पहिली डिस्क संपली, आपा चहा टाकायला उठली ती परत आलीच नाही. मीही हाक मारली नाही. दुसरी डिस्क तिने पाहिली नाही, आणि का पाहिली नाही हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही.

२०२२ च्या डिसेंबरात भाचा परदेशातून आला. त्याने नवी ब्लू-रे आणि ती चालेल असा प्लेअर आणला. आपाने स्वतःहून विचारले, “ती जिन्यावरची मुलगी का?” आणि खुर्ची पुढे ओढून बसली. आधी झिजलेली प्रत, मग व्हीसीडी, आणि आता ही डिस्क. पण भिंतीतून झिरपणारे उजेडाचे ठिपके नीताच्या चेहऱ्यावर पडलेले मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिले. चाबूक वाजला. या वेळी भोवती एकही ओरखडा नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. आपाने मान हलवली, एखादी ओळखीची बाई रस्त्यात दिसल्यासारखी.

चित्रपटाच्या सुरुवातीला नीताच्या चपलेचा अंगठा तुटतो आणि ती तशीच चालत राहते. शेवटी, नीता दूर डोंगरात असताना, वसाहतीच्या त्याच रस्त्यावर दुसरीच एक मुलगी चाललेली असते. तिचीही चप्पल तुटते. ती थांबते, ओशाळून हसते आणि पाय ओढत पुढे जाते. ते पाहून शंकरला रडू आवरत नाही. मला वाटले, आता आपाही रडेल. माझी तयारी होती, मी तर निम्मा रडलेलोच होतो.

आपा रडली नाही. ती पडद्याकडे जरा झुकली, त्या मुलीला नीट न्याहाळले, आणि मला विचारले, “हिच्या घरात खाणारी माणसं किती?”